फाटक, पाठक आणि वाचनालयाची यादी

प्रश्न : सदाशिव पेठेतील आमच्या छोट्या वाचनालयाची सभासद-नोंदवही आम्ही संगणकावर चढवली. काही नावे देवनागरीत आहेत, काही रोमन लिपीत. एकच सभासद दोनदा दिसतो, आणि ‘कऱ्हाडे’ हे आडनाव डोळ्यांसमोर असूनही शोधल्यावर सापडत नाही. सर्व नावे एकाच वळणाची करून घ्यावीत का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तसे करू नये. सभासद स्वतःचे नाव जसे लिहितो तसेच ते नोंदीत राहिले पाहिजे; ‘दिक्षित’ असे लिहिणाऱ्याला शुद्धलेखन शिकवणे हे वाचनालयाचे काम नव्हे. जुळवाजुळवीसाठी शेजारी शोधाचा वेगळा रकाना ठेवावा आणि ऱ्हस्व-दीर्घाचे भेद तेवढे त्यात पुसावेत.

‘कऱ्हाडे’ न सापडण्याचे कारण मात्र निराळे आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, हा ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टंकता येतो : एकदा स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त देऊन, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही सारखेच उमटतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात, आणि एकाच अक्षराची निरनिराळी रूपे सारखी करण्याच्या युनिकोडच्या ठरीव प्रमाणीकरणानेही ते एक होत नाहीत. शोधाच्या रकान्यात यांपैकी एकच रूप वापरावे.

रोमन लिपीतील नावांसाठी ‘साउंडेक्स’ ही उच्चारावर आधारलेली पद्धत अनेक प्रणालींत तयार मिळते. अमेरिकेत 1918 मध्ये तिचे पेटंट निघाले, आणि पुण्यातली आडनावे तिच्या स्वप्नातही नव्हती. ती पहिले अक्षर तसेच ठेवते व पुढच्या व्यंजनांचे आकडे करते. त्यामुळे ‘पी-एच’ने लिहिलेले फाटक आणि पाठक या दोघांनाही ‘पी 320’ हा एकच संकेत मिळतो, तर तेच फाटक ‘एफ’ने लिहिले की ‘एफ 320’ होऊन परके ठरतात. तेव्हा अशा पद्धतीने फक्त संशयित जोड्या काढाव्यात. नोंदी एक करण्याचा अधिकार तिला देऊ नये.

माणसांनीही हा निर्णय जपूनच घ्यावा. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडची चाल ध्यानात घ्या : गणेश वासुदेव यांचा मुलगा वासुदेव गणेश आणि नातू पुन्हा गणेश वासुदेव. नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि पत्ता हे सगळे तंतोतंत जुळूनही सभासद दोनच असतात. तिथे जन्मवर्षच उपयोगी पडते. उलट, विवाहानंतर मधले नाव व आडनाव दोन्ही बदललेली सभासद एकच असूनही दोन भासते. तिचे पूर्वीचे नाव ‘अन्य नावे’ या स्वतंत्र तक्त्यात त्याच सभासद-क्रमांकाखाली ठेवावे. रकान्यांची संख्याही तीनवर बांधून टाकू नका, कारण 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचे नावही घातले आहे.

दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या वाटल्या, तर ती व्यक्ती पुस्तक बदलायला आल्यावर तिलाच विचारावे, आणि एकत्र केल्यानंतरही जुना क्रमांक पुसू नये. जुन्या पुस्तकांच्या चिठ्ठ्यांवर तोच असणार.