संघ सतत हरतोय, तर कोच बदलायचा की पोरं?

तुम्ही विचारलंय की सोलापुरातल्या तुमच्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ दोन वर्षं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर पडतोय. कमिटीतले काही जण म्हणतात कोच बदला, काही म्हणतात उंच पोरं आणा, मग खरं काय? स्पष्ट सांगतो. तुमच्या पातळीवर कोचिंग. आणि 'उंच पोरं आणा' हे वाक्य आता मला ऐकवत नाही, कारण त्याच्या आडोशाला बसून सराव न घेणारे संघ मी भरपूर पाहतो.

या वादात हटकून एनबीएचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) दाखला येतो, म्हणून आधी तोच घेऊ. १९९६-९७ च्या हंगामात सॅन अँटोनियो स्पर्सची सुरुवात ३ विजय आणि १५ पराभव अशी झाली. तेव्हा जनरल मॅनेजर असलेल्या ग्रेग पॉपोविचने कोच बॉब हिलला काढलं आणि स्वतः कोच झाला. उरलेल्या हंगामात त्याच्या नावावर १७ विजय, ४७ पराभव लागले. संघाचा मुख्य खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन आधी पाठीमुळे आणि मग पाय मोडल्यामुळे बाहेर होता, वर्षभरात जेमतेम ६ सामने खेळला. पुढच्या वर्षी ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंच्या निवडीतून) टिम डंकन आला, रॉबिन्सन परतला आणि त्याच कोचच्या हाताखाली संघ ५६-२६ झाला. १९९९ ला विजेतेपद. एका उन्हाळ्यात पॉपोविच काही वेगळाच माणूस होऊन आला नव्हता. पुढे पाच विजेतेपदं गाठीशी असताना २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही हंगामांत त्याच पॉपोविचचा संघ २२-६० राहिला.

गोल्डन स्टेट वॉरियर्सचं उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक देतात आणि दोघंही अर्धंच सांगतात. मार्क जॅक्सनच्या हाताखाली २०१३-१४ मध्ये ५१ सामने जिंकलेला संघ स्टीव्ह करने जवळपास तसाच घेतला आणि ६७ जिंकून दाखवले, वर विजेतेपद. जॅक्सनच्या काळात हा संघ पासांच्या संख्येत लीगच्या तळाशी होता. करने चेंडू फिरता ठेवला आणि आंद्रे इगुओडालासारख्या मोठ्या खेळाडूला बेंचवरून उतरवायला सुरुवात केली. तोच पुढे फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे निखळ कोचिंग. पण २०१९-२० मध्ये मोठ्या खेळाडूंपैकी ड्युरांट सोडून गेलेला, थॉम्पसन गुडघ्यामुळे बाहेर, स्टीफन करीचा हात मोडलेला, आणि त्याच करचा संघ १५-५० वर थांबला.

म्हणजे तिथे खेळाडू ठरवतात संघ कुठवर जाणार, हे मला मान्य आहे. पण एनबीएच्या सगळ्यात दुबळ्या संघातला शेवटचा खेळाडूसुद्धा डाव्या हाताने ले-अप (धावत येऊन रिंगजवळून टाकायचा शॉट) टाकतो, दोघांनी घेरलं तरी पास काढतो. तो पाया सगळ्यांचाच भरलेला असल्यामुळे उरतो तो फरक गुणवत्तेचा. तुमच्याकडे पायाच भरलेला नाही. शिवाय आपलं विद्यापीठ एकाच जिल्ह्याचं. तुम्हाला हरवणारी पोरंही इथलीच, बार्शी-पंढरपूर-अकलूजकडची. गुणवत्तेत आभाळाएवढा फरक येणार कुठून?

पटत नसेल तर पुढचे तीन सामने एका राखीव खेळाडूच्या हातात वही द्या. चारच गोष्टी मांडायच्या: शॉट न घेता गेलेला चेंडू (टर्नओव्हर), रिंगखाली चुकलेले ले-अप, आपल्या रिंगखाली समोरच्यांनी घेतलेले रिबाऊंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेला चेंडू) आणि चुकलेले फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे मोकळे शॉट). बास्केटबॉलच्या आकड्यांचा अभ्यास करणाऱ्या डीन ऑलिव्हरने सामन्याचा निकाल ज्या चार घटकांवर मांडला (नेमबाजी, टर्नओव्हर, रिबाऊंड, फ्री थ्रो) त्याचंच हे घरगुती रूप. त्याने अंदाजे वजनं दिली होती ४०, २५, २०, १५ टक्के. आपल्याकडे टर्नओव्हरचं वजन याहून जास्त धरावं असं माझं मत. समजा तुम्ही ४१-६२ हरलात आणि वहीत २४ टर्नओव्हर, ९ चुकलेले ले-अप निघाले. ९ ले-अप म्हणजे १८ गुण, फरक होता २१ चा. यात उंचीचा प्रश्न कुठे आला?

हे टर्नओव्हर होतात कसे ते नीट बघा, कारण सामना तिथेच जातो. समोरच्यांनी बास्केट केली आणि पूर्ण कोर्टवर प्रेस लावला, म्हणजे आपल्याच टोकापासून अंगावर येऊन घेरायला सुरुवात केली. आपला पोरगा बोर्डाच्या बरोबर खाली उभा राहून चेंडू आत टाकायला बघतो. डोक्यावर बोर्ड, त्यामुळे लांब पास बंद. चेंडू कोपऱ्यात उभ्या गार्डला मिळतो. तो पकडताक्षणी, मान वर न करता, खाली एक टप्पा मारतो आणि साइडलाइनने निघतो. दुसरा बचाव करणारा येतो, गार्ड ड्रिबल थांबवतो आणि संपलं. बाजूला एक रेषा, मागे एक रेषा, समोर चार हात. बाकीचे चौघं लांब उभे राहून 'इकडे, इकडे' ओरडतात. एकतर चेंडू अर्ध्या कोर्टपुढे न्यायचे ८ सेकंद संपतात, नाहीतर घाबरून उंच, तरंगता पास जातो आणि तो कापला जातो. सलग चारदा हे झालं की आठ गुण गेले, आणि पोरांचे चेहरे उतरतात ते वेगळंच.

यावर इलाज आहे आणि तो पूर्णपणे शिकवण्याचा आहे. चेंडू टाकणारा बोर्डाच्या बाजूला, रेषेपासून एक पाऊल मागे. बास्केटनंतर एंडलाइनमागे इकडून तिकडे पळता येतं, हा नियम निम्म्या पोरांना माहीत नसतो. त्याच्याकडे ५ सेकंद असतात. पास घेणारा दोन्ही पायांवर थांबतो, वळून पुढे तोंड करतो, बघतो, आणि मगच ड्रिबल. तिसरा खेळाडू मधल्या वर्तुळाजवळून चेंडूकडे धावत येतो, कारण प्रेस मधूनच फुटतो. एक समोरच्या बाजूला लांब, एक उलट बाजूला. चेंडू टाकणारा आत येऊन गार्डच्या मागे तिरका राहतो, म्हणजे अडकला तर मागे पास. कोपऱ्याकडे ड्रिबल बंद. आणि घेरा पूर्ण पडायच्या आत पास, पडल्यानंतर नव्हे. हे रोज १५ मिनिटं करा, पाचाविरुद्ध सात बचावाला लावून, कोचने मोठ्याने आठपर्यंत मोजत. सातांतून चेंडू निघायला लागला की सामन्यात पाच जण कमी वाटतात.

ले-अपला फार लिहीत नाही. उजवा हात असेल तर शेवटचं पाऊल डावं, डावा हात असेल तर उजवं, आणि नजर बोर्डावरच्या चौकोनाच्या जवळच्या वरच्या कोपऱ्यावर. नुसते टाकू नका, दोन मिनिटांत किती पडले ते मोजा, निम्मा वेळ डाव्या हातासाठी ठेवा. फ्री थ्रो सरावाच्या शेवटी, दम लागलेला असताना, दोन-दोनच्या जोडीत. क्वार्टरमध्ये समोरच्यांचा पाचवा टीम फाऊल झाला की ते असेच मिळतात, दमलेल्या अवस्थेत.

आता उंची. बहुतेक रिबाऊंड रिंगच्या उंचीच्या खालीच हातात येतात. शॉट सुटला की आपली पोरं चेंडूकडे बघत बसतात, तिथे रिबाऊंड जातो. आधी आपला माणूस शोधायचा, त्याच्या छातीला कोपरापुढचा हात लावायचा, वळून त्याला पाठीवर घ्यायचं, गुडघे वाकलेले ठेवायचे आणि मग चेंडू. बाजूने मारलेला शॉट चुकला तर बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला पडतो, तिथे एक जण आधीच उभा हवा. पावणेसहा फुटांचा पोरगा हे करत असेल तर सव्वासहा फुटांच्या उभ्या खांबाला तो भारी पडतो. उंच पोरगा मिळाला तर घ्याच, पण त्याला पाय हलवायला शिकवायला सहा महिने लागतात, आणि तेही कोचच शिकवणार ना?

सरावाची वेळ हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. स्पर्धेआधी पंधरा दिवस गोळा होणारा संघ हा संघच नव्हे. आठवड्यातून चार सकाळी, सहा ते साडेसात, निदान तीन महिने. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा आठनंतर सिमेंटच्या कोर्टवर पोरांना पळवू नका. चेंडूही उन्हात पडू देऊ नका, हवा फुगून तो दगड होतो आणि रिंगवरून लांब उडतो. पोरं दोष नेमबाजीला देतात. कोर्टवर धूळ असेल तर आधी झाडू, नाहीतर थांबताना पाय सरकतो आणि घोटा जातो.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मुलींच्या संघाला ६ नंबरचा चेंडू असतो, सराव ७ नंबरवर घेऊ नका, हाताचा अंदाज बिघडतो. आणि सरावाला सहाच पोरं येत असतील तर वरचं बरंचसं लागू नाही, आधी बारा तरी गोळा करा.

कोच बदलायचा का, हा तुमचा मूळ प्रश्न. सध्याचे सर सरावाला येत नसतील, किंवा सामन्यात पहिल्या हाफचे दोन टाइमआऊट न वापरताच संपवत असतील, तर बदला. पण येत असतील तर त्यांना तीन महिन्यांच्या सकाळी, दहा चेंडू आणि ती वही द्या, आणि सामना चालू असताना कमिटीच्या लोकांना बेंचमागून सूचना ओरडू देऊ नका. दर वर्षी नवा कोच आणून दर वर्षी पहिल्या पानापासून सुरुवात करणारे संघ पहिल्याच फेरीत अडकून राहतात.

वहीतले तीन सामन्यांचे आकडे इथे टाका, म्हणजे सराव कुठून सुरू करायचा ते सांगतो.