पाय ठेवायला जागा देऊ नका

घरदुरुस्ती : प्रश्न तुमचे, उत्तरं वर्कशॉपमधून

(वडिलांच्या मागे साताऱ्यातलं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप सांभाळणाऱ्या ताई दर महिन्याला वाचकांच्या घरदुरुस्तीच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

ताई, आमचं रो-हाउस आहे. जिन्याच्या वरच्या तोंडाशी नातवासाठी गेट करून घेतलं. फॅब्रिकेटरने नेटवर फोटो बघून आडव्या पाइपांचं, अडीच फुटी, दिसायला झकास गेट केलं. नातू बावीस महिन्यांचा आहे. परवा तो वरच्या पाइपावर पोट टेकवून जिन्याकडे वाकलेला सापडला. सूनबाईंचं धाबंच दणाणलं. गेट साडेतीन फूट करून घ्यावं का? – एक आजोबा, पिंपळे सौदागर

आजोबा, उंची वाढवायची घाई करू नका. फॅब्रिकेटरने तुम्हाला गेट नाही, शिडी करून दिली आहे. पाच-पाच इंचांवर आडवे पाइप असले की साडेतीन फुटांचं गेटही नातू चढणार, आणि पडला तर वरचा एक फूट जास्तीचा. हल्ली सगळ्यांना आडव्या रेषा हव्या असतात, ‘मॉडर्न लूक’ म्हणून. गॅलरीचं रेलिंग आडवं, जिन्याचा कठडा आडवा. गिऱ्हाइकाने फोटो दाखवला की आमच्या धंद्यातली निम्मी माणसं मान डोलवतात आणि वेल्डिंग सुरू करतात. घरात लहान मूल आहे का, हे कोणी विचारत नाही.

मूल चढतं ते हाताच्या जोरावर कमी आणि पायाच्या आधारावर जास्त. तो आधार काढला की अडीच फूटही पुरतात. अमेरिकेतलं घरगुती गेटांचं मानक किमान २२ इंच उंची मागतं, युरोपातलं ६५ सेंटिमीटर. एवढ्याशा उंचीवर भागतं, पण पाय टेकायला जागा नसेल तरच. आणि ही दोन्ही मानकं दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच आहेत, हेही लक्षात ठेवा. तुमचा नातू काठावर आहे. एक साधा हिशेब बाहेर वापरतात : गेटची उंची मुलाच्या उंचीच्या पाऊण पटीपेक्षा कमी नको. नातू ३४ इंच असेल तर साडेपंचवीस इंच लागतात. तुमचं गेट ३० इंच आहे. म्हणजे उंचीत कमी नाही, घडणीत गडबड आहे.

नवीन करायची गरज नाही. दोन उपाय सांगते. झटपट उपाय म्हणजे, मूल ज्या बाजूला असतं त्या बाजूने चार एमएमचा पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा अख्ख्या गेटवर बसवा, खालपासून थेट वरच्या पाइपाच्या माथ्यापर्यंत. कडेला यू-चॅनल लावून घ्या, नाहीतर ती कड हाताला कापते. स्क्रूची डोकी बसकी हवीत. पारदर्शक यासाठी की पलीकडे आई दिसत असली की मूल कमी चिडतं, आणि जिन्यात काय चाललंय ते तुम्हालाही दिसतं. दुसरा उपाय टिकाऊ : मधले आडवे पाइप ग्राइंडरने कापून उभे दहा एमएमचे गज भरून घ्या. वर एक आणि खाली एक, एवढेच आडवे राहू द्या.

उभ्या गजांमधलं अंतर सांगताना ‘मोकळी जागा’ असा शब्द वापरा. नुसतं ‘चार इंच’ म्हटलंत तर कोणी मधल्यापासून मधल्यापर्यंत मोजतो, कोणी गजाच्या कडेपासून. मोकळी जागा अडीच इंच ठेवा. साडेतीन इंचांच्या वर गेलात की धोका सुरू होतो. लहान मुलाचं अंग डोक्यापेक्षा चपटं असतं. पाय आधी, मग कंबर, मग छाती सरकत पलीकडे जाते आणि डोकं अडकतं, तेही अंग पलीकडे लोंबत असताना. खेळाच्या मैदानांच्या मानकांमध्ये साडेतीन ते नऊ इंचांमधली फट याच कारणाने वर्ज्य आहे. गेटच्या तळाशीही हाच विचार करा, फरशी आणि खालच्या पाइपात दोन इंचांहून जास्त जागा नको.

जाळी भरू का, असं तुमच्या मनात येईल. वेल्डमेशची, म्हणजे तारा वेल्ड करून केलेल्या जाळीची, एक इंची चौकट लहान पावलांच्या बोटांना नेमकी बसते. ऑस्ट्रेलियात घरच्या पोहण्याच्या तलावाभोवती कुंपण कायद्याने सक्तीचं आहे. तिथे कुंपण एरवी किमान १.२ मीटर चालतं, पण जाळीचं छिद्र १३ मिलिमीटरहून मोठं असेल तर १.८ मीटर लागतं. भोकाचा आकार वाढला म्हणून उंची दीडपट! याच नियमात आणखी एक बाब आहे, कुंपणालगत ९० सेंटिमीटरच्या पट्ट्यात चढायला उपयोगी पडेल असं काहीही ठेवायचं नाही. तुमच्या फोटोत गेटला चिकटून चपलांचं कपाट दिसतंय, वर खेळण्यांची बादली. ते कपाट आजच हलवा, पॉलिकार्बोनेट नंतर आणा.

माथ्याबद्दल. टोकं, भाले, फुलं, कमळं काहीही नको. आपल्याकडे मुलांच्या गळ्यात काळा दोरा असतो, ताईत असतो, झबल्याला नाड्या असतात. वर निघालेल्या टोकात दोरा अडकला की काय होतं ते मी लिहीत नाही.

गेट उघडायची दिशा वरच्या पॅसेजकडे ठेवा, जिन्यावर उघडू देऊ नका. जिन्याकडे उघडणारं गेट धरून मोठं माणूसही खाली जातं. बिजागऱ्या ओळंब्यातून किंचित कलत्या लावल्या की गेट सोडल्यावर आपलं आपण मिटतं. स्प्रिंगचा खर्च नाही, आणि ‘कोणी उघडं टाकलं’ यावरून सासू-सुनांचं भांडणही नाही. कडी दोन हालचालींची करा : आधी उचला, मग सरकवा. एकाच हालचालीची कडी दोन वर्षांचं मूल चार दिवस नुसतं बघून शिकतं.

भिंत ठोकून बघा. तुमच्याकडच्या नव्या बांधकामात बहुतेक करून एएसी ब्लॉक असतात, म्हणजे हलके, सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक, मिस्त्री ज्याला सायपोरेक्स म्हणतात. त्यात साधा रावळ प्लग बसतो छान, पण गेट रोज आपटलं की भोक भुसभुशीत होतं आणि एक दिवस बिजागरीसकट सगळं हातात येतं. भिंतीपलीकडे जागा असेल तर आरपार बोल्ट घाला आणि मागून लोखंडी पट्टी द्या. नसेल तर एक उभा खांब जिन्याच्या रेलिंगला वेल्ड करून त्यावर गेट टांगा. मिव्हानची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली काँक्रीट भिंत असेल तर हॅमर ड्रिल लागेल. एवढी कटकट सोडली तर ती भिंत उत्तम.

आणि एवढं करूनही नातू पुन्हा वर चढला तर गेट काढून टाका. चढता येणाऱ्या मुलासाठी गेट म्हणजे पडायची उंची वाढवणं. त्याला जिना उतरायला शिकवा, पोटावर पालथं होऊन, पाय आधी. दोन वर्षांच्या पोराला ते पटकन जमतं. आजोबांनी शेजारी बसायचं, एवढंच.

पाचव्या मजल्यावर राहतो, घरात दोन मांजरं आहेत. गॅलरीला कबुतरांची जाळी आहे, ती पुरेल ना? आणि किचनच्या दारात तीन फुटी गेट लावलं तर मांजरं ओट्यावर यायची थांबतील का? – एक वाचक, ठाणे

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही. तीन फूट मांजर धावत न येता, जागच्या जागी उडी मारून पार करतं. मांजराच्या बाबतीत उंचीचा नाद सोडायचा. एकतर छतापर्यंत बंद करायचं, नाहीतर माथ्यावर पंजा रुतणार नाही अशी सोय करायची, म्हणजे आतल्या बाजूला झुकलेली पट्टी किंवा सैल फिरणारा पाइप. दाराला पूर्ण उंचीचं जाळीचं दार लावा. ते जमत नसेल तर ओटा झाकायला शिका.

गॅलरीचं मात्र गंभीर आहे. कबुतरांची नायलॉन जाळी कबुतरांसाठी असते. उन्हाने ती दोन-तीन वर्षांत ठिसूळ होते, आणि मांजर दातांनी एक गाठ तोडून भोक पाडतं. हल्ली ‘इनव्हिजिबल ग्रिल’ म्हणून स्टीलच्या तारा ओढून देतात. मूल पडू नये म्हणून त्या ठीक आहेत, पण दोन तारांमध्ये दोन-तीन इंच असतात आणि जोर लावला की त्या फाकतात. वर मी म्हटलं ना, मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. मांजराचं बरोबर उलटं. त्याच्या गळपट्टीचं हाड खांद्याला घट्ट जोडलेलं नसतं, त्यामुळे डोकं गेलं की मागून सगळं मांजर जातं. म्हणून तारांच्या आतून एक इंची स्टेनलेस स्टीलची वेल्डमेश फ्रेममध्ये बसवा, जमिनीपासून छतापर्यंत. मघाशी मुलासाठी जी जाळी नको म्हटली तीच इथे चालते, कारण मांजर चढलं तरी वर बाहेर पडायला जागाच उरत नाही.

‘मांजर काय, पायांवरच उतरतं’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. न्यूयॉर्कच्या प्राणिवैद्यांनी १९८७ मध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी छापल्या. दवाखान्यात पोचलेली बहुतेक वाचली हे खरं, पण छातीला मार, जबडा फाटलेला, पाय मोडलेले, अशी.

गॅलरी पूर्ण बंद करताना एक झडप उघडती ठेवा, आतून कुलूप आणि किल्ली खिळ्याला. आग लागली तर तुम्हालाही बाहेर पडायचंय. सोसायटीची परवानगी आधी लेखी घ्या.

बंगल्याला चार फुटी सरकतं गेट आहे, सीएनसी कटिंगचं (यंत्राने पत्रा कापून नक्षी केलेलं), मोराच्या डिझाइनचं. आमचा लॅब्रेडॉर त्यावरून उडी मारून रस्त्यावर जातो आणि शेजारची मुलं गेटवर लोंबकळतात. वर भाले लावावेत असं मिस्टर म्हणतात. – एक गृहिणी, कोल्हापूर

मिस्टरांना सांगा, भाले चोराला थांबवत नाहीत आणि उडी कमी पडली तर तुमचाच कुत्रा त्यावर अडकतो. भाले रद्द.

कुत्र्यापेक्षा मला त्या लोंबकळणाऱ्या मुलांची काळजी वाटते. सरकतं गेट तीन-चारशे किलोचं असू शकतं आणि ते नुसत्या चाकांवर उभं असतं. त्याला उभं धरतो तो वरचा गाइड रोलर. गेट प्रमाणाबाहेर पुढे सरकलं, शेपूट रोलरमधून सुटलं, की ते अख्खं आडवं पडतं, आणि खाली त्या वेळी तेच पोर असतं ज्याने ते ढकललं. आत्ता अंगणात जा आणि बघा : रुळाच्या दोन्ही टोकांना जाडजूड स्टॉपर वेल्ड केलेला आहे का? नुसता वीट-सिमेंटचा उंचवटा नको. दोन गाइड रोलर आहेत का, आणि त्यांच्या खांबाचं वेल्डिंग गंजलेलं नाही ना? यातलं एक जरी नसलं तर गेटला दोरखंड बांधून बंद ठेवा आणि फॅब्रिकेटरला त्याच दिवशी बोलवा. आतून पाच फूट उंचीचा एक जादा खांब रोवून त्याला यू-आकाराची पट्टी लावली तर गेट पडूच शकत नाही. खर्च फार नाही.

मोर सुंदर आहे, पण पिसाऱ्यातलं प्रत्येक भोक म्हणजे एक खोबण. आतून सपाट पत्रा रिव्हेट करा. मुलांचं चढणं थांबेल आणि कुत्र्यालाही रस्ता दिसणार नाही. बरेचसे कुत्रे जे दिसतं त्याच्याकडे उडी मारतात, भटकं कुत्रं, सायकल, दूधवाला. दिसेनासं झालं की निम्मा उत्साह जातो. उरलेल्या निम्म्यासाठी माथ्याच्या मागे एक फूट रुंदीची, आतल्या बाजूला कलती जाळी द्या. ती गेटबरोबर सरकते, तेव्हा बाजूच्या भिंतीला घासणार नाही एवढी जागा आधी मोजून घ्या. धाव तोडायला गेटसमोर कुंड्या ठेवा असं कोणी सुचवेल. कुत्र्यासाठी ते बरोबर आहे, पण मुलांना त्याच कुंड्या पायऱ्या होतात. त्यापेक्षा गेटच्या आत चार-पाच फूट सैल खडी पसरा. आणि लॅब्रेडॉरला रोज तासभर फिरवा, तो कंटाळून बाहेर पळत असणार.

आमच्या लहानपणी कुठे होती ही गेटं? वाड्यात आम्ही सगळे वाढलोच ना? – एक आजी, वाई

वाढलात, कारण वाड्यातला जिना बहुधा भिंतीत चेपलेला, दोन्ही बाजूंनी बंद आणि तोंडाशी आडवं दार असलेला असायचा. ते दार खाली टाकून बंद केलं की वरच्या मजल्यावर जिना उरतच नसे. आत्ताच्या डुप्लेक्समधल्या उघड्या, काचेच्या कठड्याच्या जिन्याला ते दार कुठे लावणार? कोकणात गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, आडव्या बांबूंचं बेडं असतं, ते मात्र गुरांसाठी. पोरं त्यावरूनच ये-जा करतात.

भाड्याचं डुप्लेक्स आहे, भोकं पाडायची नाहीत. दाबून बसणारं तयार गेट ऑनलाइन मिळतं, ते जिन्याच्या वर लावू का? – एक आई, बाणेर

किचनच्या दारात लावा, हॉलच्या दारात लावा, जिन्याच्या वर नाही. ते भिंतींना नुसत्या दाबाने धरून असतं, मुलाने रोज धक्के मारले की हळूहळू सैल होतं. शिवाय त्याला खाली आडवी पट्टी असते आणि रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाचा पाय तिच्यात अडकतो, थेट जिन्याच्या तोंडाशी. दारात लावाल तिथेही त्या पट्टीवर पिवळी रेडियम टेप चिकटवा, घरात सासूबाई असतील तर नक्कीच. जिन्यासाठी घरमालकाशी बोला. चार भोकं आहेत, निघताना पुट्टी भरून वर हात मारला की दिसतही नाहीत.