मोटरसायकलचे फूटरेस्ट बदलल्याने गुडघेदुखी कमी होते का? बदलताना काय पाहावे?

आपण विचारले आहे की, उंची सहा फूट असल्यामुळे तास-दीड तासाच्या प्रवासानंतर गुडघे आखडतात आणि तळवे बधिर होतात, तर कंपनीने दिलेले फूटरेस्ट काढून रुंद व खालच्या पातळीवर बसणारे फूटरेस्ट लावल्यास उपयोग होईल का. उपयोग होतो; परंतु आपल्या या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि एकाच वस्तूने दोन्ही दूर होतील असे गृहीत धरून खरेदी करू नये. मी स्वतः तीच चूक केली होती.

गुडघ्याचा संबंध फूटरेस्टच्या रुंदीशी नसून सीट आणि फूटरेस्ट यांमधील अंतराशी आहे. मांडी व पोटरी प्रत्येकी साधारण 45 सेंटीमीटर धरली आणि गुडघा 80 अंशांत दुमडलेला असला, तर फूटरेस्ट 25 मिलिमीटर खाली गेल्यावर तो कोन सुमारे 84 अंशांपर्यंत उघडतो. कागदावर चार अंश किरकोळ वाटतात, परंतु ज्याचा गुडघा आधीच काटकोनापेक्षा आत दुमडलेला आहे त्याला ते दुसऱ्या तासात नक्की जाणवतात. तेवढाच कोन सीटचा फोम 25 मिलिमीटरने वाढवूनही मिळतो, आणि सहा फूट उंचीच्या माणसाचे पाय तरीही जमिनीला सहज टेकत असल्यामुळे आपल्या बाबतीत तो पर्याय कदाचित अधिक सोपा ठरेल, हे खरेदीपूर्वी अवश्य लक्षात घ्यावे.

पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी घरीच करता येते. गाडी मेन स्टँडवर उभी करून दोन्ही बाजूंना, फूटरेस्टच्या अगदी लगत, विटा किंवा लाकडी ठोकळे रचावेत आणि त्यांची वरची पातळी मूळ फूटरेस्टपेक्षा 20 ते 30 मिलिमीटर खाली ठेवावी. मग हँडल धरून, नेहमीच्या बैठकीत, पाय त्या ठोकळ्यांवर ठेवून किमान वीस मिनिटे बसावे. शेजारीपाजारी चमत्कारिक नजरेने पाहतील, परंतु वीस मिनिटांत गुडघा जे सांगतो ते दुकानात दोन मिनिटे बसून कळत नाही.

फूटरेस्ट खाली नेण्याची किंमत वळणावर मोजावी लागते. फूटरेस्टचे टोक गाडीच्या मध्यरेषेपासून 38 सेंटीमीटरवर आणि जमिनीपासून 35 सेंटीमीटर उंचीवर आहे असे मानले, तर ते 30 मिलिमीटर खाली नेल्यावर गाडी झुकवण्याची मर्यादा ढोबळमानाने अडीच अंशांनी घटते; ते बाहेरच्या बाजूलाही लांब असेल तर आणखी थोडी. मी प्रथम लावलेले फूटरेस्ट 40 मिलिमीटर खाली होते आणि एका नेहमीच्याच वळणावर डावे टोक रस्त्याला घासले. अनेक मूळ फूटरेस्टांच्या टोकाखाली एक छोटा खिळ्यासारखा बोल्ट असतो, जो सर्वांत आधी घासून इशारा देतो. बाजारातील फूटरेस्टना तो बहुधा नसतो, त्यामुळे थेट फूटरेस्टच टेकते. त्यानंतर मी 20 मिलिमीटरवर समाधान मानले.

तळव्यांच्या बधिरतेची गोष्ट निराळी आहे. तिथे दोन घटक असतात: अरुंद पट्टीवर एकवटणारा दाब आणि इंजिनाची थरथर. रुंद फूटरेस्टमुळे दाब विभागला जातो, विशेषतः खराब रस्त्यावर उभे राहून चालवताना. परंतु तिकोनी दात असलेले धातूचे फूटरेस्ट चिखलात पकड देत असले, तरी रबराचा थर नसल्याने थरथर सरळ तळव्यात उतरवतात आणि बुटांचे तळही कुरतडतात. एकाच सिलिंडरच्या गाडीवर डांबरी रस्त्याने लांबचा प्रवास करणाऱ्याने, माझ्या मते, रबर काढता-घालता येणारेच फूटरेस्ट घ्यावेत.

बसवण्याचे काम अवघड नाही, मात्र फूटरेस्ट आपल्याच मॉडेलसाठीचे हवे, कारण कानाची (फूटरेस्टचा जो भाग गाडीच्या ब्रॅकेटमध्ये बसतो त्याची) रुंदी आणि तो अडकवणाऱ्या पिनचा व्यास गाडीगणिक बदलतो. सुटे करण्यापूर्वी स्प्रिंग कोणत्या बाजूने कशी अडकवली आहे याचे छायाचित्र घ्यावे, आणि ती उसळून डोळ्याला लागू नये म्हणून वर फडके धरावे. पिनला थोडे ग्रीस लावावे आणि स्प्लिट पिन (मुख्य पिन निसटू नये म्हणून टोकाला घालून वाकवायची दुपाखी तार) दर वेळी नवीनच वापरावी. बसवल्यावर फूटरेस्ट हाताने वर दुमडून सोडावे. ते स्वतःहून पूर्ण खाली परत आले पाहिजे. डावे फूटरेस्ट साइड स्टँडला अडत नाही ना, हेही पाहावे.

यानंतरचे काम बहुतेक जण सोडून देतात, आणि नवीन फूटरेस्टना दिला जाणारा निम्मा दोष त्यातूनच येतो. फूटरेस्ट खाली गेले, पण गिअर लिव्हर व ब्रेक पेडल जुन्याच उंचीवर राहिले, तर प्रत्येक गिअरला घोटा उचलावा लागतो. माझा गुडघा सुधारला आणि घोटा दुखू लागला तो याच कारणाने. लिव्हर थेट दात्यांच्या शाफ्टवर असेल, तर त्याचा बोल्ट पूर्ण बाहेर काढून लिव्हर एक दाता खाली बसवावा; लिव्हर आणि शाफ्ट यांना जोडणारी जोडदांडी असेल, तर तिच्या टोकांचे दोन्ही लॉक नट सैल करून दांडी फिरवावी आणि नट पुन्हा घट्ट करावेत. ब्रेक पेडल खाली घेतल्यावर मागच्या ब्रेक लाइटचा स्विच नव्या उंचीनुसार पुन्हा जुळवून घ्यावा आणि मागचे चाक उचलून हाताने फिरवावे. चाक जड फिरत असेल किंवा पेडलला पाय न लावताही दिवा पेटत असेल, तर ते ठीक होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये.