‘लिबर्टेरियन’ला ‘उदारमतवादी’ म्हणावे का?

प्रश्न दादरहून आला आहे. विचारणाऱ्या ताई भाषांतराची कामे करतात. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ऑबर्न गावी ‘मीझेस इन्स्टिट्यूट’ नावाची संस्था आहे. सरकारने बाजारात ढवळाढवळ करू नये, या तिच्या विचारसरणीवर टीका करणारा एक इंग्रजी लेख सध्या त्यांच्या हाती आहे. त्यातल्या ‘लिबर्टेरियन थिंक टँक’ला त्यांनी ‘उदारमतवादी विचारगट’ लिहिले. संपादकांनी त्यावर रेघ मारून ‘स्वातंत्र्यवादी’ सुचवले. त्याच लेखात ‘व्हॉलंटरी एक्स्चेंज’ हा शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येतो. त्यासाठी ‘राजीखुशीचा व्यवहार’ चालेल का, असेही त्या विचारतात.

ताई, उत्तर आधीच देऊन टाकतो. ‘उदारमतवादी’ चालणार नाही. ‘स्वातंत्र्यवादी’ही मला पटत नाही. ‘राजीखुशी’ मात्र तुम्हाला सुचला याचा मनापासून आनंद झाला, कारण खरी गोम त्या शब्दातच आहे.

मराठीत ‘उदारमतवादी’ म्हटले की न्यायमूर्ती रानडे आणि गोखले डोळ्यांसमोर येतात. 1892 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रानड्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर इंग्रजीत व्याख्यान दिले होते. इंग्लंडातली पाठ्यपुस्तके अर्थशास्त्राचे नियम गुरुत्वाकर्षणासारखे त्रिकालाबाधित म्हणून शिकवत, त्यावर त्यांचा रोख होता. प्रत्येक माणूस केवळ स्वतःचा लाभ पाहतो, मजूर आणि भांडवल हवे तिथे विनासायास जाते, करार करणारे दोघे बरोबरीचे असतात, ही गृहीतके आपल्या देशात टिकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. अर्थशास्त्राची सत्ये देशकालाप्रमाणे बदलतात आणि उद्योग उभे करायला सरकारने हात दिला पाहिजे, असे ते मानत. फ्रीडरिश लिस्ट आणि त्याच्या नंतरचे जर्मन इतिहासवादी अर्थशास्त्रज्ञ त्यांनी लक्षपूर्वक वाचले होते.

नेमक्या त्याच काळात व्हिएन्नात उलट दिशेने वाद पेटला होता. अर्थशास्त्राचे नियम इतिहासातून नव्हे, तर्कातून सापडतात, असे मानणाऱ्या कार्ल मेंगर या अर्थशास्त्रज्ञाने 1883 साली या जर्मन इतिहासवाद्यांवर पुस्तकच लिहिले, आणि त्यांचा अग्रणी श्मोलर याच्याशी त्याचे जे भांडण जुंपले ते कित्येक वर्षे चालले. लुडविग फॉन मीझेस (1881–1973) हा मेंगरच्या परंपरेतला. त्याने ती भूमिका टोकाला नेली. माणूस हेतू धरून कृती करतो, एवढ्या एका विधानातून अर्थशास्त्राचे सिद्धांत तर्काने निघतात, आणि आकडेवारी किंवा इतिहास त्यांना खोटे पाडू शकत नाही, असे त्याने मांडले. मजुरीचे, भुकेचे, बेकारीचे वास्तव सिद्धांताशी जुळले नाही, तर सरकारने कुठे तरी ढवळाढवळ केली असणार, हे उत्तर तयारच असते. या विचारसरणीविषयी माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे: अनुभवाला तिच्या दारात प्रवेश नाही. आता बघा, त्या वादात रानडे समोरच्या बाजूला उभे होते. दोघांना एकच नाव दिले तर मराठी वाचकाला हा भेद कळणारच नाही.

तुमचे संपादक कदाचित म्हणतील की मीझेस स्वतःला लिबरलच म्हणवत असे आणि 1927 साली त्याने त्याच नावाचे पुस्तक लिहिले. खरे आहे. ते पुस्तक भाषांतरित करायचे असेल तर ‘अभिजात उदारमतवाद’ म्हणा, हरकत नाही. पोलीस, न्यायालये आणि संरक्षण यांच्यापुरते राज्य मीझेसला हवेच होते. पण संस्था 1982 साली, त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, ल्यू रॉकवेल यांनी स्थापली आणि तिला वैचारिक वळण दिले ते मरे रॉथबार्ड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने. रॉथबार्डला राज्यच नको होते. पोलीस आणि न्यायालयेसुद्धा बाजारातून विकत मिळावीत, अशी त्याची मांडणी. त्याच्याकडे भाषणस्वातंत्र्यासारखा हक्कही अखेर मालकीहक्काचाच एक प्रकार ठरतो. त्याच 1982 साली त्याने असेही लिहिले की मुलाला खाऊ घालण्याची कायदेशीर सक्ती आईबापांवर असू नये, कारण तसे केल्यास आईबापांच्या हक्कांवर आक्रमण होते. नैतिक कर्तव्याचा प्रश्न त्याने वेगळा ठेवला, हे सांगायला हवे. तरीही ज्या भाषेत ‘उदार’ म्हणजे सढळ हाताचा, मोठ्या मनाचा, त्या भाषेत या मताला ‘उदार मत’ म्हणणे मला जमणार नाही.

आता ‘राजीखुशी’. आमच्या घरी सातारा जिल्ह्यातल्या जमिनीचा एक जुना कागद आहे. पणजोबांनी एक तुकडा लिहून दिला, त्याचे ते खत. शेवटी नेहमीचे वाक्य आहे: ‘हे खत राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे.’ खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. पणजोबांना लिहिता येत नव्हते. ते वाक्य कारकुनाचे, आणि कागदाचे पैसे सावकाराचे. घरात त्या तुकड्याची गोष्ट दुष्काळाच्या वर्षाची म्हणून सांगितली जाते. तो कागद हातात धरला की ‘राजीखुशी’ या शब्दातला ‘खुशी’ मला वाचवत नाही.

असे कागद घरोघरी होते. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून रोखे आणि खते जाळली, आणि दंगे नगर जिल्ह्यापर्यंत पोचले. चौकशी आयोग बसला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्याचे मर्म एका ओळीत सांगता येते: न्यायाधीशाने खताच्या मागे जाऊन पाहावे. मुद्दल खरोखर किती दिले, व्याज कसे चढले, हे तपासण्याची मुभा त्याला मिळाली. ‘राजीखुशीने’ लिहिले म्हणजे विषय संपला, असे मानायचे कायद्याने थांबवले. पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलेले गृहस्थ म्हणजे महादेव गोविंद रानडे. 1892 च्या व्याख्यानात करार करणारे बरोबरीचे नसतात असे ते म्हणाले, तेव्हा त्यांच्यापाठी असे शेकडो कागद होते.

मीझेस-रॉथबार्ड परंपरेत ‘व्हॉलंटरी’ म्हणजे समोरच्याने बळ किंवा फसवणूक वापरली नाही, एवढेच. पोट, दुष्काळ, जात, दुसरा सावकारच नसणे यांना त्या व्याख्येत जागा नाही. लेखातला मूळ युक्तिवाद भाषांतरित करताना ‘स्वेच्छेचा व्यवहार’ लिहा. तो त्यांच्या व्याख्येशी प्रामाणिक आहे. टीकाकार जिथे त्या स्वेच्छेवर शंका घेतो, तिथे ‘राजीखुशी’ आणा. मराठी वाचकाला तो शब्द कुठल्या कागदावरून आला हे लगेच कळेल.

‘स्वातंत्र्यवादी’वर माझा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे. स्व आणि तंत्र. स्वतःच्या तंत्राने चालणारा तो स्वतंत्र, परक्याच्या तंत्राने चालणारा परतंत्र. आपल्याकडे हा शब्द स्वातंत्र्यसैनिकांच्या पदरचा आहे, त्याला त्यागाचे वजन आहे. ते वजन एका अर्थविषयक मताला फुकट देऊन टाकायचे का? आणि मुख्य म्हणजे, हे स्वातंत्र्य कोणाचे, हा प्रश्न मराठी माणसाने फार पूर्वी विचारून ठेवला आहे. 1947 साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी हाच युक्तिवाद तपासायला घेतला होता. सरकारने हस्तक्षेप थांबवला की उरते ते स्वातंत्र्य, असे म्हणतात. पण ते कोणाला मिळते? जमीनदाराला खंड वाढवण्याचे, भांडवलदाराला कामाचे तास वाढवून मजुरी कमी करण्याचे. राज्याच्या नियंत्रणापासून सुटका म्हणजे खासगी मालकाची हुकूमशाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. परळच्या चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारी वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाचे हे वाक्य आहे.

गंमत नाही, खेदाची गोष्ट अशी की मूळ इंग्रजी शब्दाचाही असाच कब्जा झालेला आहे. जोसेफ देजाक या फ्रेंच अराज्यवाद्याने 1857 साली ‘लिबर्तेर’ हा शब्द राजकीय अर्थाने वापरला आणि पुढल्या वर्षापासून न्यूयॉर्कमध्ये त्या नावाचे पत्र काढले. तो खासगी मालमत्तेचा कट्टर विरोधक होता. जवळजवळ शंभर वर्षांनी, 1950 च्या दशकात, अमेरिकेतल्या मुक्त बाजाराच्या समर्थकांनी तो शब्द स्वतःकडे ओढला, आणि आपण तो विरोधकांकडून जिंकून घेतला असे रॉथबार्डने अभिमानाने लिहून ठेवले आहे.

मुंबईत मात्र या मताचे जे नातलग होते, त्यांना एका फटक्यात झोडपू नये. ए. डी. श्रॉफ यांनी 1956 साली इथे ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ काढले, आणि नानी पालखीवालांच्या अर्थसंकल्पावरच्या भाषणांना ब्रेबॉर्न स्टेडियम भरत असे. पण हेच श्रॉफ 1944 च्या ‘बॉम्बे प्लॅन’च्या कर्त्यांपैकी एक होते, आणि त्या आराखड्यात सरकारला मोठी भूमिका दिलेली होती. परवाना राज्याला विरोध करणे आणि राज्यच नाकारणे यांत पुष्कळ अंतर आहे. शेतकरी नेते शरद जोशींची ‘खुली व्यवस्था’ही लेव्ही, म्हणजे धान्याची सक्तीची सरकारी वसुली, आणि निर्यातबंदी यांनी नाडलेल्या शेतकऱ्याच्या अनुभवातून आली. हे लोक अनुभवातून बोलत होते, म्हणून त्यांच्याशी वाद घालता येतो.

आणि एक कबुली द्यायलाच हवी. मी गिरगावातल्या पागडीच्या खोलीत वाढलो. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर बांधली गेली. भाडे मोसंबीच्या रसापेक्षा स्वस्त, म्हणून मालक डागडुजीला फिरकत नसे. एका पावसाळ्यात माळ्याचा गिलावा आईच्या शिवणयंत्रावर कोसळला. भाडी कायमची गोठवली की घरे मोडकळीला येतात, हे ऑबर्नची मंडळी म्हणतात ते मी डोक्यावरच्या छताने अनुभवले आहे. पण तोच कायदा नसता तर वडील पन्नाशीत गिरगावात उरले नसते, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकदम सांगता येतील असे अर्थशास्त्र मला हवे आहे.

तेव्हा शब्दांचे असे करा. पहिल्या उल्लेखात ‘लिबर्टेरियन’ देवनागरीत तसाच ठेवा आणि त्याला ‘बाजारस्वातंत्र्यवादी’ असा खुलासा जोडा. स्वातंत्र्य कशाचे, हे त्या शब्दात दिसते, आणि तो शिवीही नाही. ‘स्वैरवादी’ किंवा ‘मोकाट भांडवलवादी’ टाळा. गुरे मोकाट असतात, माणसांच्या मताला तो शब्द लावला की वाचक वाक्य संपण्याआधीच निकाल देतो. टीका लेखकाला युक्तिवादाने करू द्या. रॉथबार्डपुरते ‘मालकीहक्कवादी’ लिहिलेत तर अधिक नेमके होईल. ‘विचारगट’ हा शब्द दहा-बारा जणांच्या बैठकीचा वाटतो. ऑबर्नची संस्था वर्ग भरवते, पुस्तके छापते, विद्यार्थी घडवते, ‘विचारसंस्था’ बरे.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘ऑबर्नची मीझेस इन्स्टिट्यूट ही लिबर्टेरियन, म्हणजे बाजारस्वातंत्र्यवादी, विचारसंस्था प्रत्येक स्वेच्छेचा व्यवहार न्याय्य मानते, तो राजीखुशीने कोणी आणि कोणत्या वर्षी लिहून दिला, हे ती विचारत नाही.’ उत्तरार्ध मूळ लेखात नसेल तर अर्थातच गाळा.