पाडलेल्या कौन्सिल टॉवरांमधल्या माणसांचा इतिहास कसा जपतात? बीडीडी चाळीसाठी त्यातलं काय घेता येईल?

तुम्ही विचारलंय की ब्रिटनमध्ये कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकांनी, भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या उंच इमारती पाडल्या गेल्या, तेव्हा तिथल्या रहिवाशांचा इतिहास कुणी जपला का. आणि वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या तुम्हाला त्यातून काही घेता येईल का. मी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत राहते आणि इथल्या एका स्थानिक इतिहास गटासाठी जुन्या भाडेकरूंच्या मुलाखती रेकॉर्ड करते. त्यामुळे मला जवळून माहीत असलेल्या, इथल्या रेड रोड नावाच्या पाडलेल्या वसाहतीवरूनच सांगते.

थोडक्यात उत्तर: जपला, पण उशिरा सुरुवात झाली. इमारत सुरुंगाने पडते त्या दिवशी तिचा इतिहास जातो असं आपल्याला वाटतं. खरं तर पहिलं बिऱ्हाड हलतं त्या दिवसापासूनच तो जायला लागतो. शेजारी वेगवेगळ्या भागांत पांगले की एकाची आठवण दुसऱ्याकडून पडताळून घेता येत नाही. "तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईंना विचारा, त्यांना माहीत असेल" असं कुणी सांगितलं, तरी त्या बाई आता कुठे असतात हे कुणालाच माहीत नसतं.

रेड रोडच्या आठ इमारती १९६४ ते १९६९ या काळात उभ्या राहिल्या. आर्किटेक्ट सॅम बंटन. त्यातल्या सहा ३१ मजली होत्या आणि तेव्हा युरोपातल्या सर्वांत उंच निवासी इमारतींमध्ये त्यांची गणना व्हायची. सुमारे ४,७०० माणसं राहतील असा हिशेब होता. एवढं उंच बांधण्यामागे केवळ हौस नव्हती: १९५६च्या कायद्याने मजले वाढतील तसं सरकारी अनुदानही वाढत होतं. राहायला आलेल्यांपैकी पुष्कळ जण जुन्या टेनेमेंटांतून आलेले. तिथे अख्खं कुटुंब एका-दोन खोल्यांत आणि संडास जिन्यावर, सगळ्यांत मिळून एक. तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पहिल्या पिढीतली माणसं अजूनही आधी न्हाणीघराबद्दल बोलतात, नळाच्या गरम पाण्याबद्दल बोलतात, मग खिडकीतून दिसणाऱ्या कॅम्प्सीच्या डोंगरांबद्दल.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं, कारण वर्तमानपत्रांनी तेवढंच लिहिलं. बंद पडणाऱ्या लिफ्ट, गुंडगिरी, पोलादी सांगाड्याला आगीपासून वाचवायला वापरलेला ॲस्बेस्टॉस, १९७७ची आग आणि त्यात गेलेला लहान मुलगा. २०१२ आणि २०१३ मध्ये एकेक इमारत पाडली आणि उरलेल्या सहांना ११ ऑक्टोबर २०१५ला एकदमच सुरुंग लावला. मधे २०१४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या उद्घाटनात पाच टॉवर सुरुंगाने पाडून ते जगाला थेट दाखवायची योजना जाहीर झाली होती. हजारो लोकांनी विरोधात सह्या केल्या आणि दहा-बारा दिवसांत ती मागे घ्यावी लागली. सहावा टॉवर तेवढा उभा ठेवणार होते, कारण त्यात परदेशातून आश्रय मागायला आलेली कुटुंबं राहत होती. शेजारच्यांची घरं सोहळा म्हणून कोसळताना त्या मुलांनी खिडकीतून बघायची, हे कुणाला सुचलं कसं याचा मला आजही संताप येतो. पण त्या आठवड्यात लोक पहिल्यांदा उघडपणे म्हणाले की हे आमचं घर होतं.

पाडायचं ठरल्यावर एक सांस्कृतिक प्रकल्प सुरू झाला. आठवणी गोळा झाल्या, छायाचित्रं काढली गेली, कलावंत आले. त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मिच मिलर यांचं काम. जागेचा वरून पाहिलेला नकाशा काढायचा आणि तिथे कोण बसायचं, काय चालायचं, लोक कशाला काय म्हणायचे हे त्यांच्याच शब्दांत, बारीक अक्षरांत त्यात भरायचं. मोठ्या कागदावरच्या या चित्रात भिंतीइतकंच महत्त्व भिंतीला टेकून उभं राहणाऱ्याला असतं. आर्किटेक्टच्या नकाशात ते कधीच नसतं.

लंडनमध्ये वेगळं झालं. रॉबिन हूड गार्डन्स नावाची, स्मिथसन दांपत्याने रचलेली, १९७२ साली पूर्ण झालेली वसाहत पाडताना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तिचा तीन मजली तुकडाच आपल्या संग्रहात घेतला. तो २०१८ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या वास्तुकलेच्या प्रदर्शनात मांडला आणि आता पूर्व लंडनमधल्या त्यांच्या नव्या भांडारात उभा आहे. एडिंबरा विद्यापीठाने ब्रिटनभरच्या टॉवरांची हजारो छायाचित्रं ऑनलाइन ठेवली आहेत. दोन्ही कामं हवीतच. तरी माझं मत स्पष्ट आहे: काँक्रीट वाचवायला संस्था सापडते, पण तिथे राहिलेल्या माणसांकडे जायला वेळ आणि पैसा देणारं कुणी सहसा सापडत नाही.

सरकारी दप्तरावर तर मुळीच विसंबू नका. ग्लासगोत घर देण्याआधी पालिकेच्या बायका अर्जदाराच्या घरी येऊन घर किती नीटनेटकं आहे ते पाहायच्या, शेरा लिहायच्या आणि त्यावर कुणाला कुठे घर मिळणार ते बरंचसं ठरायचं. तो शेरा अभिलेखागारात राहतो. ती बाई येणार म्हणून आदल्या रात्री घरात काय धावपळ झाली, ते मात्र कुठल्याच फायलीत सापडणार नाही.

दुसरी गोष्ट, कुणाचा इतिहास? १९६०च्या दशकातल्या कुटुंबांच्या गोड आठवणी लवकर जमतात, कारण ती माणसं बोलायला उत्सुक असतात. शेवटच्या पंधरा वर्षांत तिथे राहिलेले कोसोवो, आफ्रिका, मध्यपूर्वेतले लोक सुटून जातात. त्यांना भाषेची अडचण, कागदपत्रांची भीती. आणि तरी शहराच्या पश्चिमेला किंग्जवे कोर्टच्या टॉवरांमध्ये २००५च्या सुमारास स्कॉटिश शेजारणी भल्या पहाटे उठून पहारा द्यायच्या, आश्रय मागणाऱ्यांना पकडून परत पाठवायला येणाऱ्या गृहखात्याच्या गाड्या दिसल्या की या कुटुंबांना सावध करायच्या. कौन्सिल इमारतींच्या इतिहासातलं याहून मोठं पान मला माहीत नाही.

आता बीडीडी. ब्रिटिश सरकारने १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळी, १६० चौरस फुटांच्या खोल्या, मजल्यावर सामाईक संडास. गिरणी कामगार, पोलीस, सरकारी नोकर, कोकणातून आणि घाटावरून आलेले. वरळीत नव्या घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ पासून मिळू लागल्या, म्हणजे तुमच्याकडे वेळ थोडाच आहे. पण एक मोठी सोय आहे: बहुतेक शेजार त्याच जागेवर परत येणार आहे. रेड रोडला ते नव्हतं.

नाव, खोली क्रमांक आणि आता कुठे राहतात याची यादी आधी करा, मुलाखती नंतर. मुलाखतीला मजल्याचा हाताने काढलेला नकाशा घेऊन जा आणि समोर ठेवा. "चाळीतलं आयुष्य कसं होतं?" विचारलंत तर भाषण मिळेल. पाण्याचा पिंप कुठे असायचा, गावाहून आलेला पाहुणा कुठे झोपायचा, संडासाच्या रांगेत भांडण झालं तर कोण सोडवायचं, हे विचारा. मंडळाच्या पावत्या, गणपतीच्या जमाखर्चाच्या वह्या, व्यायामशाळेचे आणि बुद्धविहारातले फोटो स्कॅन करा. जानेवारी १९७४च्या दलित पँथर आणि शिवसेना यांच्यातल्या दंगलीबद्दलही विचारा, दोन्ही बाजूंना, वेगवेगळं. रेकॉर्ड करण्याआधी लेखी संमती घ्या, नाव लपवायचं असेल तर तसं नोंदवा आणि नंतर काही काढून टाकायचा हक्क त्यांना द्या. रेकॉर्डिंगच्या प्रती एकाच माणसाच्या फोनमध्ये राहू देऊ नका. एक संच एखाद्या जुन्या ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाच्या विभागाकडे रीतसर जमा करा.

आणि नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांना पहिल्याच वर्षी गाठा. दार बंद ठेवायची सवय झाली का, म्हाताऱ्यांना लिफ्ट जमते का, देखभालीचा खर्च कसा झेपतोय, मुलं कुठे खेळतात, हे आत्ताच लिहून ठेवा. रेड रोडमधल्या पहिल्या वर्षांबद्दल हे सगळं आज आम्ही ऐंशीच्या पुढच्या माणसांना विचारत बसलो आहोत.