एमएस झालेला सर्जन अवघड ऑपरेशन एकट्याने करायला तयार आहे, हे कोण आणि कशावरून ठरवतं?

किती ऑपरेशनं झाली की सर्जन तयार झाला म्हणायचं, असं तुम्ही विचारलंय. असा एक आकडा नाही. कोणी सांगितलाच, तर त्यावर विसंबू नका.

एमएस होऊन मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी झाली की एकट्याने ऑपरेशन करायला कायद्याची आडकाठी नसते. खरा निर्णय युनिट हेडचा किंवा हॉस्पिटलचा. एनएबीएच या हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या हॉस्पिटलांना कोणता डॉक्टर तिथे काय काय करू शकतो, हे लेखी ठरवावं लागतं. म्हणून हर्नियाला मोकळीक असलेला माणूस स्वादुपिंडाच्या ऑपरेशनला मात्र सीनियरसोबतच उभा राहतो. यात कमीपणा काही नाही.

आकडा कसा फसवतो ते पाहा. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकेला (यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीला) इजा होण्याचं प्रमाण साधारण हजारात 3 ते 5. समजा एखाद्याच्या हातून ती शंभरात 2 वेळा होते, म्हणजे कित्येक पट जास्त. तरी त्याची सलग 50 ऑपरेशनं निर्विघ्न पार पडण्याची शक्यता सुमारे 36 टक्के निघते. तेव्हा पन्नास केल्या नि एकही गडबड नाही, यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. निकालांपेक्षा काम करताना पाहणं जास्त कामाचं.

हेच ऑपरेशन शिकवताना ते तुकड्यांत देतात. आधी कॅमेरा धरणं आणि टाके घालणं, मग पोर्ट (अवजारं पोटात न्यायच्या नळ्या) टाकणं, मग पित्ताशय यकृतापासून सोडवणं, आणि सगळ्यात शेवटी पित्ताशयाच्या मानेजवळचं काम, जिथे खरा धोका असतो. सीनियर किती मदत करतो, हे मोजायला झ्विश नावाची चार पायऱ्यांची पट्टी वापरतात: सीनियर करून दाखवतो; पुढचं पाऊल सांगत हाताने मदत करतो; शिकाऊ स्वतः पुढे जातो आणि सीनियर गरजेपुरती मदत करतो; सीनियर फक्त पाहतो. एखादी केस चौथ्या पायरीवर जमली म्हणून भागत नाही. वेगवेगळ्या सीनियरांसमोर, वेगवेगळ्या रुग्णांवर तेच दिसावं लागतं. एकाच सरांच्या हाताखाली तयार झालेल्यांना सरांच्या खुणेची सवय लागलेली असते, हे मात्र बऱ्याच ठिकाणी तपासलंच जात नाही.

आता मानेजवळचं काम. कुठलीही नळी कापण्याआधी तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत: पित्ताशयाची नळी, मुख्य नळी आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू पूर्ण साफ, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच रचना (त्याची नळी आणि रक्तवाहिनी). स्ट्रासबर्ग या अमेरिकन सर्जनने 1995 मध्ये मांडलेली ही कसोटी आहे. नवखा माणूस पित्ताशयाची मान वरच्या दिशेने ओढतो. मग पित्ताशयाची नळी आणि मुख्य नळी एका रेषेत येतात आणि मुख्य नळीच पित्ताशयाची वाटते. ओढ बाहेर, उजवीकडे आणि थोडी खाली हवी. नळी इतकी रुंद की ती बंद करायची क्लिप पुरी बसत नाही, ही धोक्याची घंटा; ती मुख्य नळीच असू शकते. तिथे मोठी क्लिप मागवणारा अजून तयार नाही. 2003 मध्ये लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी अशा 252 इजा तपासल्या. त्यांतल्या 97 टक्के इजांचं मूळ डोळ्यांना झालेल्या भ्रमात होतं, हाताच्या कौशल्यात नव्हे. म्हणजे सफाईदार हाताचा सर्जनही इथे चुकतो.

म्हणून मी सगळ्यात जास्त वजन एकाच गोष्टीला देईन: काही कळेनासं झालं की हा माणूस काय करतो? रक्त साचलेलं असताना आंधळेपणाने क्लिप किंवा कॉटरी (विजेने जाळून रक्त थांबवायचं अवजार) लावतो, की गॉझने दाबून, सक्शन करून, नीट दिसेपर्यंत थांबतो? सूज इतकी की त्रिकोण दिसतच नाही, तेव्हा पित्ताशयाचा काही भाग ठेवून बाहेर पडणं, पोट उघडणं किंवा सीनियरला बोलावणं त्याला स्वतःहून सुचतं का? न सांगता सुचलं, तर केस द्यावी.

केसही निवडून द्यावी लागते. साधा खडा आणि पातळ भिंत असलेली तरुण बाई वेगळी. वारंवार दुखणं उठलेला, भिंत जाड झालेला, मानेत खडा अडकलेला आणि सिरॉसिस (यकृत कडक, निकामी होत जाण्याचा आजार) असलेला साठीचा पुरुष वेगळा. ऑपरेशनचं नाव तेच.

रुग्णाच्या बाजूने विचारायचं असेल, तर 'तुम्ही किती केल्या' एवढ्यावर थांबू नका. मुख्य ऑपरेशन कोण करणार, सीनियर ओटीत असणार की फोनवर, आणि पोट उघडावं लागलं तर ते काम कोणाचं, हे तिन्ही संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा.