राणू बिन बाळू तुमचेच खापरपणजोबा कशावरून?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातला. मुलीच्या प्रवेशासाठी कुणबी दाखला काढायचा आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात आमच्या गावची 1887 ची जन्मनोंद सापडली: ‘राणू बिन बाळू, जात कुणबी, मुलगा.’ घरात सांगतात ती वंशावळ अशी: मी, वडील, आजोबा ज्ञानू, पणजोबा बाबू, त्यांचे वडील राणू. पण नोंदीत आडनाव नाही आणि जन्मलेल्या मुलाचं नावही नाही. त्या काळी गावात दुसराही एक राणू होता म्हणतात. आजोबांच्या 1927 च्या शाळेच्या नोंदीत ‘मराठा’ आहे. प्रांत कार्यालयात तोंडीच सांगितलं, ‘हा तुमचाच माणूस कशावरून?’ एक एजंट नोंदीपुढे आडनाव घालून नक्कल आणून देतो म्हणतोय. भावकीतल्या एका चुलतभावाने याच राणूच्या नोंदीवर जात वैधता मिळवली आहे. तो म्हणतो, माझ्याच वंशावळीत नाव जोडून घे. काय करावं?

उत्तर : एजंटाला आधी वाटेला लावा. सार्वजनिक नोंदवहीत खाडाखोड करणं किंवा तिची बनावट नक्कल तयार करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 337 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि तसा कागद खरा म्हणून वापरणाराही सुटत नाही. जातीच्या दाखल्याचा 2000 चा महाराष्ट्र अधिनियम वेगळाच: खोट्या कागदावर दाखला घेतला तर कलम 11 खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी, दंड किंवा दोन्ही, शिवाय मिळालेला प्रवेश आणि पदवीही जाते. त्यातून कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत अशी पानं मोठ्या प्रमाणावर स्कॅन झाली आहेत. मूळ पानावर आडनाव नाही आणि तुमच्या नकलेवर आहे, हे जात पडताळणी समितीच्या चौकशी करणाऱ्या दक्षता पथकाला कळायला पाच मिनिटं पुरतील. मुळात आडनाव नसणं हा दोषच नाही. त्या काळच्या नोंदीत शेतकऱ्याची ओळख त्याच्या बापाच्या नावाने, फार तर वाडीच्या नावाने होते. ‘बिन’ आणि ‘वलद’, म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’, एवढ्यावर कागद भागायचा. 1887 च्या पानावर ठसठशीत आडनाव दिसलं तर मलाच आधी शंका येईल.

आता प्रांत कार्यालयातल्या ‘कशावरून?’ या प्रश्नाकडे. तुम्हाला तो उर्मट वाटला असेल, पण कायद्याचा प्रश्न नेमका तोच आहे. त्याच अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे दावा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे. नोंद सापडली म्हणून लोक पेढे वाटतात. नोंद सापडली म्हणजे 1887 मध्ये त्या गावात राणू नावाचा एक कुणबी होता, एवढंच सिद्ध झालं. तो आणि तुम्ही यांच्यामध्ये जी माणसं आहेत, त्यातल्या प्रत्येक जोडीला कागद लागतो. गॅझेटिअरचं, म्हणजे प्रदेशाची माहिती देणाऱ्या जुन्या सरकारी ग्रंथाचं म्हणाल तर तोही मार्ग इथे चालत नाही. हैदराबाद गॅझेटिअरबाबतचा 2 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णय मराठवाड्यासाठी आहे, आणि साताऱ्याच्या 1885 च्या गॅझेटिअरमध्ये कुठल्या जातीचे किती लोक हे मिळेल, तुमचे राणू मिळणार नाहीत.

म्हणून 1887 वरून खाली उतरू नका, स्वतःपासून वर चढा. तुम्ही ते वडील आणि वडील ते ज्ञानू, हे शाळेच्या दाखल्यांवर निघेल. ज्ञानू ते बाबू हे 1927 च्या प्रवेश निर्गम रजिस्टरात बापाच्या नावावरून निघेल. मुख्याध्यापकांकडून साधा दाखला घेऊ नका, रजिस्टरच्या त्या पानाचीच साक्षांकित प्रत घ्या. खरी अडचण बाबू ते राणू या एकाच दुव्याची आहे. सगळा जोर तिथे लावा.

तो दुवा बहुधा जमिनीत सापडेल. आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घ्या. एकत्रीकरण योजनेच्या (जमिनीचे तुकडे जोडून गट पाडण्याच्या) उताऱ्यावरून त्या गटात कुठले जुने सर्व्हे नंबर आणि हिस्से गेले ते काढा, आणि त्या नंबरांचे फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलांच्या नोंदी, एकेक करून मागे वाचत जा. तुम्ही ज्याच्या शोधात आहात तो वारस फेरफार आहे: ‘राणू बिन बाळू मयत, वारस मुलगे बाबू व अमुक.’ मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903 चा, आणि 1913 मध्ये तो जमीन महसूल संहितेत घातला गेला. राणू त्यानंतर वारले असतील तर अशी नोंद असण्याची शक्यता चांगली आहे, आणि ती मिळाली तर तुमचं निम्मं काम झालं. कारण त्या एका ओळीत बाप, मुलगा आणि जमीन तिन्ही एकत्र येतात, आणि ती जमीन आजही तुमच्या नावावर आहे.

फेरफारात राणू दिसले नाहीत तर लगेच हातपाय गाळू नका. एकत्र कुटुंबात थोरल्याचंच नाव खात्याला लागायचं, सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) हा शेरा पाहिलाच असेल. हक्कनोंदीच्या आधीचे कागद तर सारा कोण भरतो एवढ्याच हिशेबाने लिहिलेले. म्हणून बाळूच्या सगळ्या मुलांच्या खात्यांत शोधा. भूमी अभिलेख कार्यालयात शेतवार पत्रक, पक्का बुक, प्रतिबुक, मोजणीचं असं जुनं दप्तर जे काही उपलब्ध असेल त्याची नक्कल सर्व्हे नंबर देऊन मागा. नुसतं नाव देऊन मागितलंत तर ‘आढळून येत नाही’ हेच उत्तर येईल, कारण ते दप्तर नावावर लावलेलंच नाही.

मृत्यूच्या नोंदी लोक बघतच नाहीत. जन्मनोंदीत बाळाचं नाव नसणं नेहमीचंच, बारसंच झालेलं नसायचं. मृत्यूच्या नोंदीत मात्र माणूस नावानिशी येतो, आणि बहुधा वय आणि जातीसकट. समजा बाबू 1935 मध्ये वारले आणि नोंद मिळाली ‘बाबू राणू, वय 48’. 1935 मधून 48 वजा करा. निनावी मुलाला नाव मिळालं. वय दोन-चार वर्षांनी मागेपुढे असेल तर घाबरू नका, अंदाजे आणि पूर्णांकात वय सांगायची तेव्हा सर्रास पद्धत होती. पण पंधरा वर्षांचा फरक असेल तर तो दुसरा माणूस समजा. राणू कधी वारले ठाऊक नसेल तर 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या महिन्यांची पानं आधी उलटा. त्या वर्षी गावोगावचे मृत्यूचे रकाने भरून वाहिले आहेत. एक सूचना: आजच्या तलाठ्याकडे ‘गाव नमुना 14’ मागाल तर तो विहिरी आणि पाणीपुरवठ्याची वही दाखवेल. तुम्हाला हवा तो जुना नमुना 14, जन्म-मृत्यूचा, आणि तो तहसीलच्या अभिलेख कक्षात.

आता तो दुसरा राणू. त्याला लपवू नका, तुम्हीच शोधून काढा. त्याच्या बापाचं नाव काय, वाडी कुठली, जमीन कुठली, याची नक्कल तुमच्या फाइलमध्ये असली पाहिजे. त्याच्या बापाचं नाव बाळू नसेल तर तो प्रश्न एका कागदात मिटला. दक्षता पथकाने तो राणू शोधला तर ती तुमच्याविरुद्धची बाब ठरते. तुम्ही दाखवला तर तोच तुमचा पुरावा ठरतो. त्याच वेळी 1880 ते 1900 मधली ‘राणू बिन बाळू’च्या इतर मुलांची जन्मनोंद पाहा. एकाच माणसापुढे तीन-चार वेळा तीच जात असेल तर ती लेखनिकाची चूक होती असं म्हणायला जागा राहत नाही.

जुन्या दस्तांकडेही एक फेरी मारा. सुप्याच्या 1875 च्या दंग्यानंतर सरकारने 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यात शेतकऱ्याने लिहून दिलेले कर्जाचे कागद गावच्या निबंधकापुढे करण्याची तरतूद होती. तुमचा जिल्हा त्या चारात येतो. अशा गहाणखतात लिहून देणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, जात, धंदा, गाव आणि गहाण ठेवलेल्या जमिनीचं वर्णन एकाच परिच्छेदात सापडू शकतं; जन्मनोंदीतला राणू आणि जमिनीचा राणू एकच हे दाखवायला याहून चांगला कागद नाही. जिल्हा निबंधक कार्यालयात सूची पाहायला मिळते का विचारा. वेळ जाईल, पण सावकाराने आपला कागद नीट लिहून घेतलेला असतो.

यातलं बरंचसं मोडी लिपीत असेल. लिप्यंतर जाणकाराकडूनच करून घ्या, आणि त्याला बजावून सांगा: जे आहे तेच लिहा, जे लागत नाही तिथे ‘अवाच्य’ लिहा, आडनाव मनाने घालू नका. मदत म्हणून घातलेल्या एका शब्दावर पूर्ण प्रकरण संशयात जातं.

‘मराठा’ या नोंदीवर मी तुम्हाला गोड बोलणार नाही. तुमची ती सर्वांत कमजोर बाजू आहे. सर्वोच्च न्यायालयाने आनंद प्रकरणात (2011) स्वातंत्र्यपूर्व कागदांना अधिक वजन द्यावं असं म्हटलं आहे, पण तुमच्याकडे दोन्ही कागद स्वातंत्र्यपूर्वच आहेत. 1 जून 2004 च्या शासन निर्णयाने इतर मागासवर्गाच्या यादीत कुणबीबरोबर ‘मराठा-कुणबी’ आणि ‘कुणबी-मराठा’ आले. नुसतं ‘मराठा’ त्यात नाही. म्हणून 1927 चा कागद दडवू नका, दडवलात तर तोच तुम्हाला बुडवेल. तो लावा आणि सांगा की त्याच्या आधीच्या चाळीस वर्षांत, वेगळ्या अधिकाऱ्यांनी वेगळ्या कारणासाठी केलेल्या इतक्या नोंदी कुणबी आहेत. ‘इतक्या’च्या जागी आकडा किती मोठा, यावर तुमचं प्रकरण उभं राहील. तिथे एकच आकडा आला तर मी अर्ज थांबवायला सांगेन.

आणखी एक गैरसमज काढून टाका. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 92 खाली त्यावरचं अक्षर आणि सही खरी मानता येते. मजकूर खरा आहे असं त्यातून निघत नाही, आणि तो मजकूर तुमच्या माणसाबद्दल आहे असं तर मुळीच नाही. सरकारी नोंदवहीतली, कर्तव्य म्हणून केलेली नोंद कलम 29 खाली ग्राह्य असते. मूळ वहीबद्दल वाद झाला तर ती मागवून घ्या असा अर्ज समितीकडे करा; नोंदी मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार समितीला आहेत.

चुलतभावाची वैधता तुमच्या कामाची आहे, पण तो म्हणतो तशी नाही. पितृकुळातल्या रक्ताच्या नातेवाइकाला वैधता मिळाली असेल तर सहसा दुसऱ्यालाही ती मिळावी, असं मुंबई उच्च न्यायालयाने अपूर्वा निचळे प्रकरणात (2010) सांगितलं. अट ही की नातं खरं हवं आणि त्याची वैधता फसवणुकीने मिळवलेली नसावी. त्याच्या प्रकरणातली शपथेवरची वंशावळ मागवून घ्या आणि बघा, त्यात बाबूंचं नाव आहे का. बहुतेकदा माणूस आपल्यापुरतीच रेघ काढतो आणि भाऊ-चुलते गाळतो. तसं असेल तर त्याने आता शपथपत्र द्यावं की बाबू हे राणूंचे मुलगे आणि आपल्या पणजोबांचे भाऊ होते, नाव केवळ राहून गेलं होतं. आणि त्याला आधार म्हणून तोच वारस फेरफार, दोन्ही भावांची नावं असलेला. फेरफारात दोन भाऊ नसतील, आणि त्याचा राणू हा तो दुसरा राणू निघाला, तर त्याच्या वंशावळीत पाऊल टाकू नका. तुमच्या शपथपत्राची जबाबदारी तुमची असेल, त्याची नाही. आणि तुमच्या निमित्ताने त्याचंही प्रकरण उघडेल, मग भावकीत जे होईल ते मी सांगायला नको.

प्रांत कार्यालयाचं तोंडी उत्तर कायद्यात उत्तर नव्हे. रीतसर अर्ज करा, पोच घ्या. नाकारायचंच असेल तर लेखी, कारणांसह नाकारू द्या. त्या आदेशावर जातीच्या दाखल्याच्या अधिनियमाच्या कलम 5 खाली तीस दिवसांत अपील होतं. तोंडी नकारावर काहीच होत नाही. अभिलेख कक्षात कागद मिळाला नाही तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ हेही लेखी घ्या. पुढे समितीने दावा फेटाळला तर रस्ता थेट उच्च न्यायालयात रिट याचिकेचा आहे, आणि तिथे नवा पुरावा उभा करता येईल अशी आशा धरू नका. जे काही आहे ते समितीपुढेच आलं पाहिजे.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलं आहे की ज्ञानूंची थोरली मुलगी, म्हणजे तुमची आत्या, अजून आहे आणि बाबू-राणूंच्या गोष्टी सांगते. सगळ्यात आधी तिच्याकडे जा. वारलेल्या माणसाने वाद सुरू होण्यापूर्वी नात्याबद्दल जे सांगितलं असेल ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम 26 खाली ग्राह्य धरता येतं, म्हणून ‘ज्ञानू आपल्या आज्याचं नाव काय सांगायचे’ हे तिच्या तोंडून येणं महत्त्वाचं. तिचं शपथपत्र याच महिन्यात करा, तिच्या शब्दांत. वंशावळ पाठ करून घेऊ नका. दक्षता पथक घरी आलं की आधी तिलाच विचारेल, आणि पढवलेलं माणूस दुसऱ्या प्रश्नाला अडखळतं. तिला एखादं नाव आठवत नसेल तर शपथपत्रात तसंच लिहा: आठवत नाही.